होडीतला हेडक्लार्क

जावक क्र. १
७ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद तू घेशील की नाही याची खात्री नाही, म्हणून पहिल्याच ओळीत ठेवून देतो. हवे तेव्हा उचल.

माझ्या दर वाढदिवसाला तुझं दोन ओळींचं कार्ड येतं आणि मी एकदाही उत्तर दिलेलं नाही. या वेळी तुझ्या कंपनीच्या कचेरीत फोन करून पत्ता मागितला. तिथला माणूस म्हणाला, जहाज ज्या बंदराला लागेल तिथे पत्र पाठवतो, वेळ लागेल. छत्तीस वर्षं नगरपालिकेत काढलेल्या माणसाला हे सांगत होता! कागदाला वेळ लागतो हे मला कुणी शिकवायला नको.

तर बातमी अशी की मी होडी घेतली आहे. जुनी, बारा फुटी, फायबरची, मागे लहानसं इंजिन. शहराबाहेरच्या तलावावर बोट क्लब आहे, तिथे बांधून ठेवतो. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत जायला सांगितलं, एवढंच कारण आहे. दुसरं काही मनात आणू नकोस.

पहिल्या दिवशी चढायला गेलो. एक पाय धक्क्यावर, एक होडीत. इथे क्षणभर थांबून पुढची पायरी कोणती याचा विचार करावा असं मला वाटलं. होडीला तसं वाटलं नाही. ती हळूहळू लांब जाऊ लागली आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी माझं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. पँट आधी फाटली, मग मी पडलो. पाणी कमरेइतकंच होतं, पण मला पोहता येत नसल्यामुळे मी कमरेइतक्या पाण्यातही रीतसर ओरडलो.

काढलं मला दंतवैद्यांनी. हे क्लबातले सगळ्यात जुने सभासद, दवाखाना बंद करून दहा वर्षं झाली. रोज सकाळी धक्क्यावर लोखंडी टेबल मांडून चहा पितात आणि नवशिक्यांची फजिती बघतात. मला बाहेर ओढल्यावर म्हणाले, "हेडक्लार्कसाहेब, एक तर या किंवा जा. मधे उभं राहू नका." सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

तू या धंद्यातली, म्हणून विचारतो. सुटताना आधी कोणती दोरी सोडायची, पुढची की मागची? पुस्तकात दोन्ही लिहिलंय.

आणि एक. आईला दोन ओळी लिही. आठ वर्षं झाली. जहाजाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेतल्या तुझ्या प्रवेशाला घरून नकार कळवणाऱ्या पत्रावर तिची सही होती, हे तू संस्थेच्या फायलीत डोळ्यांनी पाहिलंस, मान्य आहे. त्याची झेरॉक्स तू टेबलावर ठेवलीस आणि ती "सही माझीच आहे" एवढंच म्हणाली, तेही मला आठवतं. मी तिथेच उभा होतो. पण माझ्या कार्डात तिचं नावसुद्धा नसतं. कार्ड आलं की ती ते फ्रिजवर चिकटवते आणि पुढचं येईपर्यंत काढत नाही. मला आता ते बघवत नाही.

तुझे बाबा


जावक क्र. २
२ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं उत्तर नाही. जहाज लांब असेल असं धरून चालतो.

या वेळी मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. पाण्यात उतरण्याआधी करायच्या सगळ्या कामांची यादी केली, नीट समास सोडून, अनुक्रमांक घालून. दोऱ्यांना 'अ', 'ब', 'क' अशा कागदी चिठ्ठ्या बांधल्या. दंतवैद्यांनी यादी हातात घेऊन वाचली आणि म्हणाले, "वा, आता होडीला फक्त पेन्शन मंजूर करायचं राहिलं."

ट्रॉली उतारावरून पाण्यात ढकलली, होडी तरंगली. दंतवैद्य आणि मी आत बसलो. मी यादीवर टिक करत होतो. सात नंबरला आलो तेव्हा बूट ओले वाटले. आठला मोजे. मी म्हटलं, पावसाचं साचलेलं पाणी असेल. दंतवैद्य म्हणाले, "महिना झाला, पाऊस कुठे पडलाय?" मग त्यांनी शांतपणे विचारलं, "बूच बसवलंत का?"

होडीच्या मागे तळाशी एक भोक असतं, पाणी काढून टाकायला, आणि पाण्यात घालण्यापूर्वी त्याला बूच लावायचं असतं, हे तुला सांगायची गरज नाही. बूच माझ्या यादीत होतं. पण पानाच्या मागच्या बाजूला. पुढे खाली, उजव्या कोपऱ्यात, मी सवयीने 'कृपया मागे पाहावे' असं लिहिलं होतं. आयुष्यभर लोकांना ते लिहून दिलं आणि स्वतः पाहिलं नाही.

होडी बुडाली ती गुडघाभर पाण्यात, त्यामुळे बुडाली म्हणण्यापेक्षा बसली म्हणू. आम्ही दोघं आपापल्या जागेवर तसेच बसून होतो. चिठ्ठ्यांची शाई विरघळून गेली. धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर आईने माझी भिजलेली पानं एकेक करून दोरीवर चिमट्याने वाळत घातली. मी तुला लिहायला बसलो की ती समोरून जाते. काल म्हणाली, "अहो, एवढं कुणाला लिहिता?" मी म्हटलं, "क्लबला. तक्रार आहे." ती बरं म्हणाली. थापसुद्धा मला कचेरीतलीच सुचते.

दमायला होतं. होडीने नाही, तशी ती फार वेळ चालतही नाही. सकाळी उठल्यापासून घरात दोन माणसं एकमेकांना न दुखवण्याची काळजी घेत वावरतात, त्याने दमायला होतं. तू आईला लिही.

तुझे बाबा


जावक क्र. ३
२८ एप्रिल

चि. भिंगरीस,

तुझं कार्ड आलं! मी तीनदा वाचलं, आणि त्यात आहेत दोनच वाक्यं. 'सगळ्या दोऱ्या मोजा. जी ताणलेली असेल ती शेवटी सोडा.' सही नाही, पण अक्षर तुझं. र अजून तसाच काढतेस, पाय ओढत.

फक्त ते एक दिवस उशिरा आलं.

त्याचं असं झालं. धक्क्यावरचे दोरी बांधायचे खुंट सगळे दुसऱ्या होड्यांनी अडवलेले होते. मी मागची दोरी तात्पुरती म्हणून दंतवैद्यांच्या लोखंडी टेबलाच्या पायाला बांधली. गाठ मात्र पक्की. छत्तीस वर्षं फायलींच्या नाड्या बांधल्यात, माझी गाठ सुटत नाही. मग पुढची दोरी सोडली, इंजिन चालू केलं आणि आज एकदाचं सगळं जमलं या आनंदात पूर्ण वेग दिला.

मागून आवाज आला म्हणून वळलो. टेबल धक्क्यावरून माझ्या मागे येत होतं. त्यावर किटली, चार कप आणि दंतवैद्यांचं वर्तमानपत्र. टेबलाच्या मागे दंतवैद्य, एका हातात कप, दुसऱ्याने टेबल धरायच्या प्रयत्नात. "अहो सोडा! अहो थांबवा!" दोन्ही एकदम कसं करायचं ते मला कळेना. टेबल पाण्यात गेलं. दंतवैद्य शेवटच्या फळीवर थांबले आणि हातातला चहा त्यांनी संपवला.

टेबल काढायला चौघे लागले. दंतवैद्य आता खुर्ची धक्क्यावर न ठेवता झाडाखाली ठेवतात. माझ्याशी बोलतात मात्र. म्हणाले, "क्लार्कसाहेब, तुम्हाला येत काहीच नाही आणि तरी तुम्ही रोज येता. नेमकं काय हवंय तुम्हाला?" मी डॉक्टरांचं आणि मोकळ्या हवेचं सांगितलं. त्यांनी भुवया उडवल्या. तोंड उघडलेल्या माणसांचं खरंखोटं ओळखण्यात त्यांची उमर गेली.

तुला म्हणून सांगतो, डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात मी तलावावर एकटा गेलो होतो. तुला त्या पाण्यात असं काय दिसलं होतं ते बघायचं होतं. एवढा हट्ट, एवढा अभ्यास, एवढं भांडण कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नव्हतं आणि विचारायचं सुचलं नव्हतं. तिथे फलक होता, होडी विकणे आहे.

आई कार्ड बघून म्हणाली, "वाढदिवस तर झाला ना तुमचा?" मी म्हटलं, हो, चुकून आलं असेल. तिने ते फ्रिजवर आधीच्याशेजारी लावलं. दोऱ्यांविषयीचं वाक्य तिने वाचलं असणार.

तू मला लिहितेस, मग तिला का नाही? तिचा अपराध माझ्याहून मोठा आहे असं तुला कशावरून वाटतं? अर्ज भरताना पालक म्हणून सही कोणी केली होती, आठव. मी पेन उचललं नव्हतं. तिने केली होती. तुझ्या बाजूने या घरात तीच उभी राहिली होती.

बाबा


जावक क्र. ४
१९ मे

चि. भिंगरीस,

काल आईला होडीतून नेलं.

मी विचारलं नव्हतं. तीच सकाळी चपला घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला, बघू तरी तुमची तक्रार."

दोऱ्या मोजल्या. बूच दोनदा तपासलं. ताणलेली दोरी शेवटी सोडली आणि होडी खरंच अलगद निघाली. झाडाखालून दंतवैद्यांनी हात केला. मला वाटलं, आता आपण शिकलो. तलावाच्या मध्यावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

टाकी भरलेली होती, त्यामुळे मी चक्रावलो. इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली. होडी वाऱ्याने दगडांकडे सरकू लागली तेव्हा मी नांगर काढला, पुस्तकात दाखवल्याप्रमाणे दोन्ही हातांनी उचलला आणि टाकला. दोरी सरसर सरसर गेली. मग दोरीचं टोकही गेलं. ते होडीला बांधायचं असतं. तुझ्या बापाने तलावाला एक नांगर कायमचा दिला.

आई दोरी गेली तिकडे बघत होती. मग हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, होडी हलायला लागली तरी थांबेना. भिंगरे, आठ वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसलो. दगडांच्या अलीकडे चिखलात होडी आपोआप रुतली आणि आम्ही तिथे दोन तास बसलो.

हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "ती हे रोज करते?" मी म्हटलं, तिचं जहाज मोठं असतं. "नांगर बांधलेला असतो ना पण?" मी म्हटलं, असणार. मग म्हणाली, "तिलाच लिहिता ना तुम्ही?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो.

"माझ्याबद्दल काय लिहिता?"

"तुला पत्र पाठव म्हणून."

"नका सांगू. तिचं काही चुकलेलं नाही. सही माझीच होती."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. चारी बाजूंना पाणी आणि चिखल, दोघंच, उठून जायला जागा नाही. बोलायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मी काय केलं असेल? इंजिनाचं झाकण काढून आत बघत बसलो. त्यातलं मला काही कळत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

दंतवैद्य दुसऱ्या होडीतून आले आणि त्यांनी टाकीच्या झाकणावरचा बारका स्क्रू अर्धा फेरा फिरवला. हवा आत गेल्याशिवाय तेल पुढे सरकत नाही म्हणे. इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं. "इतकंच होतं," ते म्हणाले. मला ते लागलं.

अजून लिहायचं होतं, पण आता पुरे.

बाबा


जावक क्र. ५
३ जून

चि. भिंगरीस,

तुझं दुसरं कार्ड आज दुपारी मिळालं, या वेळी जहाज जवळच्या बंदरात असावं. टाकीच्या स्क्रूबद्दल लिहिलंस, नांगराची दोरी आत कुठे बांधायची त्याचं चित्र काढलंस. आणि खाली, अगदी कडेला, जागा उरली नव्हती तिथे: 'आईला लाइफ जॅकेट घातलं होतं ना?'

मी जिन्यातच बसलो.

तुझ्या अक्षरात 'आई' हा शब्द मी आठ वर्षांनी वाचला. आता मला गप्प बसता येत नाही. हे पत्र मिळाल्यावर माझ्या वाढदिवसाला कार्ड येणार नाही हे समजून लिहितो आहे.

ते नकाराचं पत्र मी लिहिलं.

संस्थेचं पत्र आलं तेव्हा तू मैत्रिणीकडे होतीस. जागा मिळाली आहे, अमुक तारखेच्या आत कळवा. मी ते दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच टाइपरायटरवर उत्तर केलं. आमची कन्या काही घरगुती कारणास्तव प्रवेश घेऊ इच्छित नाही. मसुदा एकदाही खोडावा लागला नाही. असले कागद मला झोपेतही येतात.

पण अर्जावर पालक म्हणून आईची सही होती, तेव्हा नकारावरही तिचीच लागणार. घरातले सगळे कागद मी कसे करून घेत आलो ते तू पाहिलेलं आहेस. चार-पाच कागद एकदम, सही करायच्या जागी पेन्सिलने बारीक फुली, आणि मी बोटाने दाखवतो, इथे, इथे आणि इथे. तिने कधी विचारलं नाही. माझ्यावर तेवढा विश्वास होता. त्या दिवशी पाच कागद होते. विजेचा, बँकेचे दोन, विम्याचा, आणि मधोमध, तिसरा, तो. ती ओट्याशी होती, हात ओले, चष्मा फ्रिजवर. उभ्या उभ्या पाच सह्या केल्या आणि पुन्हा कामाला लागली.

तुला वाटलं, जागाच मिळाली नाही. पुढल्या वर्षी तू स्वतःच्या हिमतीवर प्रवेश मिळवलास, फाईल पाहिलीस, घरी आलीस. झेरॉक्स टेबलावर ठेवलीस. आईने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सही माझीच आहे. ती मला वाचवत होती. मी वाचवून घेतलं. तू बॅग भरलीस, तेव्हा मी जिन्यापर्यंत बॅग उचलायलाही आलो. तू मला नमस्कार केलास, तिला केला नाहीस. मी तो घेतला.

का केलं, विचारशील. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. कमरेइतक्या पाण्यात ओरडलो ते गमतीने लिहिलं, पण तेव्हा माझी खरंच पाचावर धारण बसली होती. तू बुडशील या कल्पनेने मला धड बसवत नसे, आणि हे तोंडाने सांगायची लाज वाटली. भीती वाटते असं म्हणणारा हेडक्लार्क मी पाहिला नव्हता. कागद करून टाकणं सोपं होतं. याला कारण म्हणतात, सबब म्हणत नाहीत. सबब माझ्याकडे नाही.

माझ्यावर कितीही राग धर. मला अजिबात लिहिलं नाहीस तरी चालेल, होडी मी दंतवैद्यांकडून शिकेन. पण आईला लिही. तिने काही केलेलं नाही. ती फक्त सही करत आली.

हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी तिला वाचायला देणार आहे. सगळं, पुढून आणि मागून. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबा


त्याच पत्राखाली, वेगळ्या शाईत

बाळ,

यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि गच्चीत जाऊन बसले आहेत. मी लिहीत आहे हे त्यांना माहीत नाही. वाचायला मी तास घेतला, आता खाली जागा उरली आहे तेवढ्यात बसवते.

जॅकेट घातलं होतं. यांनी पट्टा उलटा लावला, तो दवाखान्यावाल्यांनी निघताना नीट करून दिला.

यांना वाटतं मी न वाचता सही केली. चष्मा फ्रिजवर होता हे बरोबर आहे. पण तो लांबचं बघायचा चष्मा आहे. जवळचं मला तेव्हा चष्म्याशिवायच नीट दिसायचं. तीस वर्षं एका घरात राहून यांना ते माहीत नाही.

तिसरा कागद मी वाचला. तुझं नाव पहिल्याच ओळीत होतं.

अर्जावर सही केली तेव्हा तुला जागा मिळेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. तुझं मन मोडायला नको म्हणून केली. मग ती मिळाली, आणि यांनी कागद पुढे केला, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. नाही म्हणायचं पाप यांनी केलं, मला फक्त फुलीवर सही करायची होती. यांना भीती पाण्याची होती. मला या घराची होती. तू गेल्यावर इथे आम्ही दोघंच उरणार, आणि आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही, हे मला आधीच दिसत होतं.

तू झेरॉक्स ठेवलीस तेव्हा मी यांच्याकडे बघितलं, ते यांना वाचवायला नाही. यांनी सांगून टाकलं तर आपण सुटू, असं मनात आलं. ते बोलले नाहीत. मग मी जे खरं होतं ते सांगितलं. सही माझीच आहे.

मला निर्दोष समजून पत्र लिहू नकोस. तसलं पत्र मला नको. राग दोघांवर धर, आणि मग लिहावंसं वाटलं तर लिही.

आता मी गच्चीत जाऊन हे यांना वाचून दाखवते.

आई